नवीन काय बसवलंय?

गाडी सुरू होत नाही असा फोन आला की आमच्या उस्तादांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "नवीन काय बसवलंय?" समोरून उत्तरही ठरलेलं, "काही नाही." या 'काही नाही'वर विसंबून एखादा पोरगा कामाला लागला की उस्ताद खुर्चीत बसल्या बसल्या हसायचे. कारण डॅशबोर्डखाली डोकं घालून उताणं पडलं आणि टॉर्च दातात धरला की एकेक ऐवज दिसायला लागतो. कॅमेऱ्याची वायर. मोबाइल चार्जरची वायर. पायापाशी निळा उजेड पाडणाऱ्या पट्ट्या. सीटखाली ॲम्प्लिफायर. गाडी मागे घेताना आरती वाजवणारा हॉर्न. "हे काय हो साहेब?" असं विचारलं की साहेब म्हणणार, "ते होय! ते तर दिवाळीतच बसवलं. त्याचा सेल्फशी काय संबंध?"

तो संबंध शोधण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. मी ऑटो इलेक्ट्रिशियन. काम शिकलो ते पुण्यात, नाना पेठेत. गल्लीच्या एका अंगाला ॲक्सेसरीची दुकानं आणि दुसऱ्या अंगाला आम्ही. तिकडे बसवायचं, इकडे काढायचं, आणि दोघांचंही पोट त्याच गाडीवर. चहा एकाच टपरीवरचा, त्यामुळे भांडण असं कधी झालं नाही. पण दुपारच्या चहाला जे किस्से निघायचे ते गिऱ्हाइकासमोर कुणी कधी काढले नाहीत. त्यातले काही आता सांगायला हरकत नाही.

फोनवरच निम्मं निदान होतं, मात्र त्यासाठी गिऱ्हाइकाला तोंडाने आवाज काढायला लावावा लागतो. भल्याभल्यांना ते जड जातं. एक निवृत्त न्यायाधीश होते. "सेल्फ मारल्यावर आवाज कसा येतो साहेब?" असं उस्तादांनी विचारल्यावर पलीकडे बराच वेळ शांतता. मग दार लावून घेतल्याचा आवाज. मग अगदी हळू, पण स्पष्ट उच्चारांत, "टकटकटकटक." उस्तादांनी फोन कानाला तसाच ठेवून मला खूण केली. बॅटरी उचल.

भराभर टकटक म्हणजे बॅटरी उतरलेली. सेल्फच्या डोक्यावर सोलेनॉइड असतो, तो ओढला गेला की सेल्फला मोठा करंट मिळतो. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ फिरताना शंभर-दीडशे अँपिअर मागतो, डिझेलचा त्याहून बराच जास्त. उतरलेल्या बॅटरीला तेवढं देणं झेपत नाही, तिचा व्होल्टेज कोसळतो, सोलेनॉइड सुटतो. सुटल्यावर ओझं गेलं म्हणून व्होल्टेज पुन्हा वर, सोलेनॉइड पुन्हा आत. हे सेकंदात अनेकदा होतं, तीच टकटक. एकच 'टक्' आणि पुढे काही नाही, पण दिवे मात्र लख्ख, तर मग सेल्फ किंवा त्याची जाड वायर बघायची. आणि मुळीच आवाज नाही, टकसुद्धा नाही, तर उस्ताद सावध व्हायचे. "इथे कुणाचा तरी हात लागलाय," म्हणायचे.

सदाशिव पेठेतलं एक कुटुंब गाडी टोचन करून घेऊन आलं होतं. मागोमाग रिक्षातून मुलगा, सूनबाई आणि आजी. तक्रार अशी की गाडी दोन दिवस उभी राहिली की तिसऱ्या दिवशी टकटक. बॅटरी नवीन टाकून झालेली. सूनबाईंचं म्हणणं, डॅशबोर्डवरचा गणपती रात्रंदिवस दिवा लावून बसलेला असतो, तोच बॅटरी खातो. आजींचं म्हणणं, गणपती हलणार नाही. मुलगा दोघींच्या मधे उभा राहून मोबाइल बघत होता.

अशा वेळी वाद घालायचा नाही, मीटर लावायचा. बॅटरीची मायनस केबल सोडायची आणि केबल व टर्मिनल यांच्यामध्ये अँपिअर मोजणारा मीटर घालायचा. पण त्याआधी एक चलाखी करावी लागते. दार उघडं असेल तर गाडीचे कॉम्प्युटर जागे राहतात आणि दार बंद केलं तर आत हात घालता येत नाही. म्हणून दाराच्या कडेला जे लॉक असतं, त्याची खिट्टी पेचकसाने दाबून 'खट्' अशी बसवायची. दार सताड उघडं, पण गाडीला वाटतं बंद झालं. मग अर्धा तास हात न लावता थांबायचं, कारण हल्लीच्या गाड्यांना झोप लागायला वेळ लागतो. याच अर्ध्या तासात गिऱ्हाइकाचा धीर सुटतो. "मिस्त्री, तुम्ही काही करतच नाही आहात." आणि हो, काम झाल्यावर हँडल ओढून ती खिट्टी सोडवायची आठवण ठेवायची. नाहीतर कुणीतरी दार जोरात लोटतं आणि लॉक वाकडं होतं.

झोपलेल्या गाडीने साधारण 50 मिलीअँपिअरच्या आतच खावं असा आमचा हिशेब. घड्याळ, रिमोटचा कान, कॉम्प्युटरची आठवण, एवढ्याला ते पुरतं. या गाडीचा आकडा सातशेच्या पुढे. गणपतीची वायर सोडली, तर आकडा वीसेक मिलीअँपिअरने खाली आला. सीटखाली हात घातला, ॲम्प्लिफायरच्या पत्र्यावर तळवा ठेवला, तर तो कोमट! गाडी तासाभरापूर्वी टोचन करून आणलेली, इंजिन सकाळपासून थंड, आणि ॲम्प्लिफायर कोमट. त्याची वायर सोडताच मीटर शहाण्यासारखा तीसवर येऊन बसला. 700 मिलीअँपिअर म्हणजे चोवीस तासांत जवळपास 17 अँपिअर-तास. बॅटरी 35 ची. दोन दिवसांत उरतं काय? आजींनी सुनेकडे पाहिलंसुद्धा नाही. पर्समधून रुमाल काढून गणपतीवरची धूळ पुसली.

हे झालं कशामुळे, ते मात्र समोरच्या दुकानातला पोरगाच सांगू शकला असता. डेकच्या मागे तीन वायरी महत्त्वाच्या. पिवळी कायम बॅटरीची, डेकची आठवण राखायला. लाल किल्लीवरची, म्हणजे एसीसीची (ॲक्सेसरीच्या पुरवठ्याची), किल्ली फिरवली की डेक जागा करायला. आणि निळी डेकमधून निघून ॲम्प्लिफायरला 'ऊठ' म्हणून सांगायला. आता मुलाची मागणी होती की किल्ली काढून घेतली तरी गाणी चालू राहिली पाहिजेत. पोराने लाल आणि पिवळी एकत्र पिळली, टेप मारली, शंभर रुपये जास्त घेतले. डेकचं बटण बंद केलं की पडदा काळा होई, पण निळी वायर त्याने डेकवरून न घेता त्याच पिळात गुंफली होती. ॲम्प्लिफायर जन्मभर जागा. कधी कधी याहून मजेशीर होतं. गाडीची मूळ एसीसीची वायर त्या पिळात तशीच राहिली तर बॅटरीचा करंट उलटा तिच्यातून आत शिरतो आणि किल्ली हातात असताना चार्जरचं सॉकेट, आरसे सगळं जिवंत राहतं. मालकाला वाटतं, वा, काय सोय आहे!

मला विचाराल तर वस्तूला दोष देण्यात अर्थ नाही. डेक चांगला असतो, कॅमेरा चांगला असतो, कधी कधी चिनी चार्जरही चांगला असतो. घात होतो तो जोड कुठे मारला यावर. बसवणाऱ्याच्या हाताला जी वायर पहिली लागते तीच त्याच्या दृष्टीने बरोबर वायर असते, कारण बाहेर पुढची गाडी हॉर्न वाजवत उभी असते.

सेल्फच्या वाटची वीज इतर वस्तू खातात, याचा कंपन्यांनी विचार केलेला नाही असं नाही. 1912 च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा विजेवरचा सेल्फ आला, तोवर बहुतेक गाड्या हँडल मारूनच सुरू करायच्या, आणि इंजिनाने उलटा झटका दिला की हँडल मारणाऱ्याचं मनगट मोडायचं. त्याच गाडीत सेल्फ, दिवे आणि इग्निशन एकाच विजेच्या व्यवस्थेवर आले. म्हणजे सेल्फने खायचं की दिव्यांनी, हा तंटा पहिल्या दिवसापासूनचा. 1930 मध्ये मोटोरोलाचा रेडिओ आला, पुढे हीटर आले, इंजिनं मोठी झाली, आणि 1950 च्या दशकात अमेरिकेतल्या गाड्यांनी 6 व्होल्ट सोडून 12 व्होल्ट धरले. त्यातच एक शहाणपणाची सोय रुळली. किल्ली 'स्टार्ट'वर नेली की तेवढ्या दोन-तीन सेकंदांपुरता एसीसीचा पुरवठा कापला जातो. डेक बंद, ब्लोअर बंद, वायपर जिथल्या तिथे. सगळी ताकद सेल्फला. जुने टॅक्सीवाले हे हाताने करायचे, सेल्फ मारण्याआधी दिवे आणि पंखा बंद. आता गाडीच ते करते.

आणि नेमकी हीच सोय लोकांना खुपते. "सेल्फ मारला की गाणं तुटतं, बघा जरा," अशी तक्रार घेऊन येणारे थोडेथोडके नाहीत. एकांना तर गाणं तुटणं अपशकुन वाटायचं. त्यांचं भजन रोज सकाळी त्याच ओळीला थांबायचं. त्यांनी ते समोरच्या दुकानातून 'दुरुस्त' करून घेतलं आणि पुढच्या हिवाळ्यात आमच्याकडे आले. तेव्हा भजन अखंड चालू होतं. गाडी तेवढी बंद होती.

शनिवार हा आमचा मोठा दिवस. सोमवार ते शुक्रवार साहेब कंपनीच्या बसने किंवा दुचाकीने जातात, गाडी सोसायटीत झाकून उभी. शनिवारी बायकामुलं तयार होऊन खाली येतात आणि टकटक. यात डॅशकॅम आल्यापासून भर पडली. कोथरूडच्या एका गृहस्थांच्या गाडीला कुणीतरी किल्लीने ओरखडे काढत असे. संशयित शेजारी ठरलेला होता, पुरावा हवा होता. म्हणून त्यांनी उभ्या गाडीतही चोवीस तास चालणारा कॅमेरा लावून घेतला. असा कॅमेरा पाव ते अर्धा अँपिअर सहज खातो. बॅटरीचा व्होल्टेज 12 च्या आसपास उतरला की कॅमेरा आपोआप बंद करणारी डबी मिळते, पण तिचे वेगळे पैसे पडतात म्हणून ती घेतली नव्हती. सोमवारी कॅमेरा चालू, मंगळवारी चालू, बुधवारी रात्री बॅटरीने मान टाकली. शनिवारी आम्ही जंप द्यायला गेलो तेव्हा नवीन ओरखडा होता, दारापासून मागच्या दिव्यापर्यंत. गृहस्थांनी घाईघाईने रेकॉर्डिंग लावलं. बुधवारपर्यंतचं सगळं होतं. बहुतेक एक मांजर. शेजारी गॅलरीतून आमच्याकडे बघत चहा पीत होते.

आता थोडं जुन्या काळातलं, 'चोर स्विच'बद्दल. मारुती 800 घरोघरी झाली त्या काळात तिच्या किल्लीवर फारसा कुणाचा विश्वास नसे. म्हणून इग्निशनची किंवा सेल्फच्या सोलेनॉइडला जाणारी बारीक वायर कुठेतरी मधेच तोडून एका लपवलेल्या बटणातून फिरवायची, याला चोर स्विच म्हणायचे. कागदावर ही विजेची सगळ्यात साधी ॲक्सेसरी. एक बटण, दोन वायरी. पण ती बसवण्याचा थाट असा की उस्ताद हेल्परला चहा आणायला पाठवायचे, शटर अर्धं ओढायचे आणि मालकाला जवळ बोलावून कानात विचारायचे, "कुठे ठेवू?" सीटच्या रुळाखाली, कप्प्याच्या छतात, गालिच्याखाली, ॲशट्रेमागे. ती जागा मालक जाणे आणि उस्ताद जाणे.

एरंडवण्यातला एक तरुण काकांची 800 टोचन करून आमच्याकडे घेऊन आला. काका सहा महिने मुलीकडे अमेरिकेत. जाताना सांगून गेलेले, अधूनमधून चालव. याने किल्ली फिरवली तर दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत, आणि सेल्फ गप्प. घराजवळच्या गॅरेजात बॅटरी बदलून झाली, टर्मिनल घासून झाले, सेल्फ उतरवून कार्बन बदलून झाले. तरी गप्प. उस्तादांनी नेहमीचा प्रश्न विचारला. पोरगा म्हणाला, "मला काय माहीत, गाडी काकांची आहे." उस्तादांनी विचारलं, "काका काय करायचे?" तो म्हणाला, "बँकेत. लॉकर त्यांच्याकडे असायचे." उस्तादांनी हातातला पाना खाली ठेवला. "काकांना फोन लाव."

तिकडे रात्र. काका झोपेतून उठले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "फोनवर सांगत नसतो मी असल्या गोष्टी. तिथे कोण कोण उभं आहे?" पुतण्याने नावं सांगितली. "त्यांना लांब जायला सांग." आम्ही सगळे, उस्तादांसकट, आमच्याच गॅरेजातून बाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहिलो. पोरगा गाडीत वाकला. 'खट्' असा बारीक आवाज आला, आणि लगेच सेल्फ फिरला, गाडी चालू. उस्ताद माझ्या कानाशी पुटपुटले, "ॲशट्रेच्या मागे." वीस फुटांवरून, नुसत्या आवाजावरून! वर लगेच म्हणाले, "बोलू नकोस कुठे."

काका परत आल्यावर आठवड्याच्या आत दुकानात हजर. आम्हाला वाटलं आभार मानायला आले. ते म्हणाले, "ती जागा बदलून द्या. आता पुतण्याला कळली."

पुढे अशा बटणांची गरज संपली, कारण किल्लीच्या डोक्यातच चिप आली. या चिपला स्वतःची बॅटरी नसते. किल्ली घालायच्या भोकाभोवती तारेचं एक वेटोळं असतं, ते बहुधा 125 किलोहर्ट्झवर चिपला ऊर्जा देतं आणि चिप आपला नंबर सांगते. नंबर जुळला तर इंजिनाचा कॉम्प्युटर परवानगी देतो. काही गाड्यांत नंबर जुळला नाही तर सेल्फच फिरत नाही, काहींत सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही.

या चिपचा एक किस्सा नवरा-बायकोचा आहे. घरात दोन गाड्या, दोन्हींच्या किल्ल्या एकाच कड्यात, जोडीला बाटली उघडायचं लोखंडी ओपनर. तक्रार अशी की गाडी वहिनींकडून पहिल्या फटक्यात सुरू होते आणि साहेबांकडून होत नाही. घरात याचे अर्थ निघाले होतेच. दोघांनाही माझ्यासमोर किल्ली लावायला सांगितली. वहिनी दोन बोटांनी किल्ली फिरवायच्या, बाकीचा जुडगा खाली लोंबत असायचा. साहेब अख्खा जुडगा मुठीत धरून फिरवायचे, त्यामुळे दुसऱ्या गाडीची चिप आणि ते ओपनर बरोबर वेटोळ्याशेजारी जायचं. दोन चिपा एकदम बोलायला लागल्या की गाडी कुणाचंच ऐकत नाही. कडं वेगळं केलं, पाच मिनिटांचं काम. पैसे घेतले नाहीत, पण वहिनींनी आग्रहाने दिले. बहुधा त्या क्षणाची किंमत त्यांना जास्त वाटली असावी.

जड जुडग्याचा एक प्रकार मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सने 2014 मध्ये सुमारे 26 लाख छोट्या गाड्या परत बोलावल्या, कारण इग्निशनचा स्विच इतका सैल होता की जड जुडग्याच्या ओझ्याने किंवा धक्क्याने किल्ली चालत्या गाडीत 'ऑन'वरून एसीसीवर घसरायची. इंजिन बंद, स्टीअरिंग जड, आणि एअरबॅग उघडायच्या नाहीत. कंपनीच्या भरपाई निधीने 124 मृत्यू मान्य केले. आमच्याकडे झिजलेले स्विच भरपूर येतात. कड्याला अर्धा किलो लटकवणाऱ्या गिऱ्हाइकाला मी हे आवर्जून सांगतो आणि तो आवर्जून विसरतो.

बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांचे नखरे वेगळे. बाणेरच्या एका आयटीवाल्याची गाडी ऑफिसला जाताना सुरू व्हायची, येताना 'किल्ली सापडत नाही' म्हणायची. रिमोटचा सेल बदलून झाला, शोरूमच्या दोन वाऱ्या झाल्या. मी शेजारच्या सीटवर बसून तो काय करतो ते पाहिलं. ऑफिसमधून निघताना मोबाइल उतरलेला असायचा. त्याने नंतर बसवून घेतलेल्या वायरलेस चार्जरवर तो ठेवायचा आणि किल्ली त्याच ट्रेमध्ये मोबाइलला चिकटून. आता असा चार्जर साधारण 110 ते 205 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात काम करतो आणि गाडी किल्लीला हाक मारते ती 125 च्या आसपास. त्या गोंगाटात हाक ऐकू येणार कशी? कंपनीकडून येणारे चार्जर बऱ्याच गाड्यांत किल्ली शोधण्याच्या वेळी क्षणभर थांबतात. बाजारातल्या चार्जरला गाडीशी काही देणंघेणं नसतं. किल्ली खिशात ठेवायला सांगितली, गाडी सुरू. अडलंच तर बऱ्याच गाड्यांत रिमोटच स्टार्ट बटणाला टेकवून त्यानेच बटण दाबायचं, सेल संपलेला असला तरी चालतं. हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. मॅन्युअल प्लॅस्टिकच्या पिशवीतून कधी बाहेर आलेलं नसतं.

अशा गाड्यांना ब्रेकवर पाय असल्याशिवाय सुरू व्हायचं नसतं, आणि पाय आहे हे त्यांना कळतं ब्रेकच्या स्विचवरून. एका हौशी पोराने ब्रेकचा दिवा लपलप करावा म्हणून त्याच वायरीत एक डबी घातली. पावसात डबी शॉर्ट झाली, ब्रेक दिव्याचा फ्यूज उडाला आणि गाडी पवना धरणाच्या वाटेवर, मुसळधार पावसात, ठप्प. फोनवरून त्याला बटण एकदा दाबून एसीसीवर आणायला आणि मग दहा सेकंद दाबून धरायला सांगितलं. काही कंपन्यांनी अशा वेळेसाठी ही पळवाट ठेवलेली असते. गाडी चालू झाली. पण ब्रेकचे दिवे बंद, म्हणून मित्राने मागे बाइकवरून हात हलवत पुण्यापर्यंत सोबत केली. लपलपाट हवा होता, तो असा मिळाला.

मायलेज वाढवणाऱ्या यंत्राची गोष्ट थोडक्यात. स्टीअरिंगखाली 16 पिनांचं एक सॉकेट असतं, मेकॅनिकने कॉम्प्युटर जोडावा म्हणून. त्यात खुपसायची एक डबी मिळते, म्हणे इंजिनाला शिस्त लावते. मी एक उघडून पाहिली. आत दिवे लुकलुकवणारी एक चिप होती आणि इंजिनाशी बोलणारं काहीही नव्हतं. ती डबी निरुपद्रवी म्हणायची, कारण त्याच सॉकेटात बसणारे स्वस्त ट्रॅकर कधी कधी गाडीच्या कॉम्प्युटरांची आपसातली बोलण्याची वायरच अडवून धरतात. मग किल्लीचा नंबर बरोबर असूनही तो इंजिनापर्यंत पोहोचत नाही. बॅटरी सोडून त्या सॉकेटाच्या 6 आणि 14 नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजायचे. 60 च्या आसपास आले तर वायरिंग सहसा धड. भलतंच काही आलं तर आधी खुपसलेलं उपटायचं आणि पुन्हा मोजायचं.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये या सगळ्याची एकदम परीक्षा झाली. मार्चअखेरीस गाड्या जागच्या जागी थांबल्या आणि जूनमध्ये लोक खाली उतरले तेव्हा रांगेने टकटक. त्यातही आम्हाला एक गंमत दिसली. एकाच सोसायटीतल्या, एकाच वर्षी घेतलेल्या दोन सारख्या गाड्यांपैकी बिनडेकची, बिनकॅमेऱ्याची गाडी कण्हत का होईना, सुरू व्हायची. शेजारची नटवलेली गाडी डोळाही उघडत नसे. टुरिस्ट टॅक्सीवाल्यांचे हाल सगळ्यात वाईट. ट्रॅकर बसवलेले, भाडं शून्य, आणि उभी गाडी आपण कुठे उभे आहोत हे रात्रंदिवस कळवत बसलेली.

आता आमच्या कामात बसवणं कमी आणि काढणं जास्त झालंय. काढलेलं सामान मी टाकत नाही, कॅरीबॅगेत भरून मालकाच्या हातात देतो. परवा एकांच्या गाडीतून दोन हॉर्न, निळ्या पट्ट्या, अलार्मची डबी आणि मूठभर पिळलेल्या वायरी निघाल्या. नव्या जोडाशिवाय, कंपनीच्या मूळ वायरिंगवर गाडी पहिल्या हाकेला सुरू झाली. साहेब खूश. बिल दिलं, पिशवी उचलली, आत वाकून पाहिलं आणि म्हणाले, "मिस्त्री, हे मिसेसच्या गाडीला बसेल का हो?"